मेंढरं आली की दोन गोळ्या

आमचे मास्तर डोंगर उलटे उतरायचे. खोटं नाही सांगत! चढताना सगळ्यांसारखे सरळ, पण उतार लागला की गर्रकन फिरायचे, दरीकडं पाठ, आमच्याकडं तोंड, आणि निघाले मागं मागं. गुडघे दुखायचे म्हणून. सरळ उतरलं की वाट्या कटकट वाजतात आणि उलटं उतरलं की गप्प बसतात, असा त्यांनी स्वतःच लावलेला शोध. वर म्हणायचे, "गुडघे माझे वाचतात आणि तुमची तोंडं मला दिसतात. कोण झोपलंय, कोण पळायच्या बेतात आहे, सगळं कळतं."

आणि तसं उलटं उतरता उतरता परीक्षा घ्यायचे! "कुनैनच्या मिक्श्चरमध्ये सोडा पडला तर काय होतं? बोल, सासवडकर. आणि माझ्यामागं दगड आहे का तेही बोल." सासवडकर बिचारा एका वेळी एकच गोष्ट बोलू शकायचा. एकदा त्यानं "साका बसतो" असं बरोबर उत्तर दिलं आणि मास्तर पाठमोरे करवंदीच्या जाळीत जाऊन बसले. जाळीतूनच म्हणाले, "उत्तर बरोबर. मार्क निम्मे."

भोरमधल्या एका धर्मादाय दवाखान्यात ते कंपौंडर होते. संस्थान होतं तेव्हापासूनचे. संस्थान गेलं, राजाचा कारभार गेला, कलेक्टर आला, पण औषधाच्या खिडकीमागं मास्तर तेच, काळी टोपी तीच आणि कोटही बहुतेक तोच. आम्ही तिघं कंपौंडरच्या कोर्सचे विद्यार्थी, प्रॅक्टिकलसाठी सहा महिने त्यांच्या हाताखाली. एक सासवडचा, एक पुण्याचा, म्हणून ते सासवडकर आणि पुणेकर. मी भोरचीच, म्हणून मला नुसतं "पोरी". मुलगी मी एकटी. खिडकीशी आलेले लोक मला बघून बिचकायचे, तेव्हा मास्तर माझ्याकडं बोट दाखवून म्हणायचे, "औषध ही करते. मी बाटल्या धुतो." आणि खरंच धुवायचे हो! राखेनं घासून, तीन पाण्यांतून काढून, उजेडाला धरून एक डोळा मिटून बघायचे. एखाद्या बाटलीला वास राहिला असेल तर तिला रागावायचे. "कालपर्यंत रॉकेल प्यायलीस ना गं? आता चार दिवस उन्हात बस."

पण त्यांचं सगळ्यात मोठं वेड दुसरंच. ते औषध देऊन माणसाला जाऊच द्यायचे नाहीत! बाटली हातात घट्ट धरायची आणि म्हणायचं, "आता मी आजारी, तुम्ही कंपौंडर. सांगा मला, हे कसं घ्यायचं?"

माणूस गडबडायचा. "आता तुमीच सांगितलं न्हवं?"

"मी विसरलो. मी अडाणी आहे. सांगा."

मग तो माणूस सांगायचा, चुकायचा, मागची रांग ओरडायची, "अवो कंपौंडरसाहेब, सोडा की त्याला, एसटी जाईल!" पण बरोबर येईपर्यंत बाटली सुटायची नाही. मला सुरुवातीला वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. एकदा मी म्हटलंसुद्धा, "मास्तर, तो व्हय व्हय म्हणत होता की. कळलं असेल त्याला."

"पोरी," ते म्हणाले, "व्हय म्हणजे आपल्याकडं नमस्कार. समोर शिकलेला माणूस दिसला की करायचा. त्याचा औषधाशी काही संबंध नाही." आणि मग त्यांचं ते नेहमीचं वाक्य, "बाटली मुकी असते. तिची जीभ आपण."

गंमत म्हणजे घरी उलटा कारभार. मास्तर पिशवी घेऊन बाजाराला निघाले की काकू दारात आडव्या. "काय आणायचंय, सांगा परत." मास्तर निमूट म्हणायचे, "मेथी, आल्याचा तुकडा, काडेपेटी." "आणि?" "...आणि?" "आणि खोबरं! या आत, पहिल्यापासून म्हणा." हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

दर पंधरा दिवसांनी आमचे डॉक्टर वेल्ह्याच्या बाजूला जीपनं फेरी करायचे. जीपमध्ये मागं औषधाची पेटी, पेटीवर मास्तर आणि उरलेल्या जागेत आम्ही तिघं. डॉक्टर चावडीत पेशंट तपासायचे आणि आम्ही बाहेर लोकांना औषधं कशी घ्यायची, कुठं ठेवायची, काय करायचं नाही हे शिकवायचं, ही मास्तरांची कल्पना. डॉक्टरांना ती फारशी पसंत नव्हती. ते तापट पण सरळ माणूस. पहिल्याच फेरीला त्यांनी आमच्यासमोर सांगितलं होतं, "मास्तर, ही शिकाऊ पोरं आहेत. यांच्या सांगण्यावरून एकाचं जरी बरंवाईट झालं तर हे शिकवणं त्या दिवशी बंद."

मास्तर म्हणाले होते, "कबूल."

त्यात वरव्याला एक प्रकार झालेला. वरवे बुद्रुकच्या एका गड्याला पोटाचं मिक्श्चर दिलं. त्याच्याकडं बाटली नव्हती म्हणून आमची दिली आणि बजावलं, बाटली परत आणायची हां. बाटलीला खळीनं चिकटवलेली कागदाची पट्टी, पट्टीला कातरीनं पाडलेले सहा दाते. एका वेळी एका दात्याएवढं औषध, दोन दिवस. गड्यानं सगळं बरोबर परत सांगितलं. मग ओट्यावर गेला, बूच काढलं आणि अख्खी बाटली घटाघट प्याला! पुणेकर धावला. "अहो, हे काय केलं?"

गडी मिशी पुसत म्हणाला, "बाटली माघारी द्यायची म्हनला न्हवं? मंग घरला कशाला न्हेऊ? हितंच संपवली. घ्या."

नशीब, ओवा-बडीशेपेचं औषध होतं. त्याला रात्रभर ढेकर आले, बाकी काही नाही. मास्तर हसले, पण माझ्या मनात ते पक्कं बसलं. मी ठरवलं की आपण सांगताना असं घट्ट सांगायचं की कोणाला पळवाटच राहू नये!

आता खरी गोष्ट. माघातला थंडीचा दिवस, मार्गासनीची चावडी. वरच्या धनगरवाड्यातून बिरू नावाचा धनगर आईला पाठुंगळी घेऊन उतरला. तिचं नाव ठकूबाई. काडीसारखी बाई, कपाळभर गोंदण आणि पाठुंगळीवरूनच मुलाला शिव्या. "हळू चाल रं! आई हाय, कोकरू न्हाई!" ताप, खोकला, श्वास घेताना बरगडीत कळ. डॉक्टरांनी छाती ऐकली आणि सल्फाच्या गोळ्या लिहिल्या. दोन-दोन, दिवसातून तीनदा, पाच दिवस, सोबत भरपूर पाणी. आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "न्युमोनिया आहे. म्हातारीचं वय बघा. एक वेळसुद्धा चुकता कामा नये."

मास्तरांनी पुडी माझ्या हातात दिली. "तू सांग. बायाबायांचं जमतं."

धनगरवाड्यात घड्याळ कुठलं? आणि म्हातारीचं खोपटं डोंगराच्या कुशीत, ऊन तिथं उशिरा येतं आणि लवकर जातं. मास्तरांनी आम्हाला शिकवलंच होतं की वेळ आपली सांगायची नाही, त्यांच्या कामाची सांगायची. नांगर सुटला की, धार काढली की, असं. मला लगेच सुचलं! मी तिच्याजवळ उकिडवी बसले.

"आजी, मेंढरं रानात सुटली की दोन गोळ्या. दुपारी ओढ्यावर पाण्याला उतरली की दोन. घरी आली की दोन. आणि वर तांब्याभर पाणी."

"बरं."

मी इथं थांबायला हवं होतं. पण मला ते वरव्याचं आठवलं ना! मी बोट नाचवत म्हटलं, "आणि मेंढरं दिसल्याशिवाय गोळी तोंडात घालायची नाही! कोणीही सांगू दे, ऐकायचं नाही. मेंढरं म्हणजे घड्याळ. कळलं? आता मी आजारी, तुम्ही कंपौंडर. सांगा."

ठकूबाईनं घडाघडा म्हटलं, "मेंढरं सुटली की दोन, वड्यावर गेली की दोन, आली की दोन. पानी लई. आन् मेंढरं दिसल्याबिगर गोळी न्हाई. आनि काय? नाचून दावू?"

मास्तर खूश! "शंभर मार्क," म्हणाले. मला की तिला ते कळलं नाही, पण मी दिवसभर हवेत.

मास्तरांचा एक नियम होता. जड औषध दिलं की तिसऱ्या दिवशी घरी जाऊन गोळ्या मोजायच्या. जीप काय आमच्यासाठी नव्हती. भोरहून नसरापूरपर्यंत एसटी, तिथून मिळेल ती बैलगाडी, मग पाय. आम्ही चौघं धनगरवाडा चढलो तेव्हा दुपार टळली होती. मी सगळ्यांच्या पुढं. मला माझे शंभर मार्क बघायचे होते.

खोपटात शिरले आणि थबकलेच. ठकूबाई घोंगडीवर पडलेली. श्वास असा भराभर चाललेला की बाहेरून ऐकू यावा. ओठ सुकलेले. सून रखमा चुलीपाशी बसून होती, ती आम्हाला बघून उठली आणि रडायलाच लागली. मास्तरांनी नाडी धरली. मी कोनाड्यातली पुडी काढून गोळ्या मोजल्या. अठरा असायला हव्या होत्या. सव्वीस होत्या.

"आजी! गोळ्या का नाही घेतल्या?"

म्हातारीनं डोळे उघडले. एक एक शब्द ओढत म्हणाली, "मेंढरं... कुठं हाईत?"

मग रखमानं सांगितलं. आदल्या दिवशी सकाळी बिरू कळप घेऊन मार्गासनीत उतरला होता. भात निघालं की खालचे शेतकरी धनगरांना बोलावतात, शेतात मेंढरं बसवतात. लेंडीखत शेताला मिळतं, धनगराला धान्य. एकदा बसली की आठ-दहा दिवस कळप वर येत नाही. पहिल्या संध्याकाळी मेंढरं घरी आली, म्हातारीनं दोन गोळ्या घेतल्या. सकाळी सुटली, दोन घेतल्या. मग मेंढरं आलीच नाहीत.

"म्या लई सांगितलं, आत्याबाई, घ्या की गोळी," रखमा पदरानं नाक पुसत म्हणाली. "तर म्हनत्यात, तू काय कंपौंडर हाईस? बाईनं सांगितलंय, मेंढरं दिसल्याबिगर न्हाई. कोनी बी सांगू दे, ऐकायचं न्हाई. मग म्या काय करू?"

मी जमिनीवर बसले. हे माझेच शब्द! तिनं एकही गाळला नव्हता.

मला वाटलं, मास्तर आता मला दरीत ढकलतील. त्यांनी म्हातारीच्या डोक्याखाली हात घातला, दोन गोळ्या दिल्या, घोट घोट पाणी पाजलं आणि म्हणाले, "आजी, तुम्ही सांगितल्याप्रमाणं केलंत. चूक आमची."

"मंग?" म्हातारी पुटपुटली. "पोरीनं जीव तोडून सांगितलं हुतं."

त्या 'जीव तोडून'नं माझा जीव कसा तुटला ते काय सांगू!

बाहेर येऊन मास्तरांनी डॉक्टरांना चिठ्ठी लिहायला घेतली. मी म्हटलं, "मास्तर, माझं नाव लिहा. मी ते जास्तीचं बोलले."

"मेंढरांवर वेळ धरायला तुला कोणी शिकवलं?"

"तुम्हीच, पण—"

"मग झालं तर. मेंढराला पाय असतात हे मी विसरलो." आणि त्यांनी लिहिलं, 'माझ्या शिकवण्यातल्या चुकीमुळं पेशंटच्या चार वेळच्या गोळ्या चुकल्या आहेत. प्रकृती बिकट. मी इथंच थांबतो. पुढं काय ते कळवावं.' पुणेकर चिठ्ठी घेऊन पळतच खाली गेला.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांच्या जास्तीच्या गोळ्या आणि उत्तर घेऊन आला. म्हातारीला हलवू नका, पाच दिवस पहिल्यापासून मोजा, आणि खाली एकच ओळ. 'म्हातारी उठली तर पुढचं बोलू.' न उठली तर काय, ते लिहायची गरजच नव्हती.

आम्ही राहिलो. मास्तर आणि ती दोन मुलं शेजारच्या कोंडिबा धनगराच्या खोपटात, मी रखमाजवळ. मास्तरांच्या खिशात घड्याळ होतं. मला वाटलं, झालं, आता घड्याळ लावून आपणच गोळ्या देऊ. पण छे! मास्तर म्हणाले, "आपण चार दिवसांनी जाणार. उद्या नातवाला ताप आला तर? या घराला स्वतःचं घड्याळ पाहिजे. आणि ते चरायला जाता कामा नये."

मग खोपटापुढं बसून त्यांनी चौकशी सुरू केली. "रखमाबाई, तुमच्या घरात रोज न चुकता काय होतं? पाऊस असो, ऊन असो, मेंढरं असोत नसोत?"

रखमा विचारात पडली. कोंडिबा तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "त्यात इच्यार काय करायचा? ह्या दोघींचं भांडान!"

रखमा लाजून आत पळाली. आसपासच्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मास्तर मात्र गंभीर. वही काढली. "किती वेळा?"

"तीन येळा," कोंडिबा म्हणाला. "फाटंचं रखमा पान्याला निघती तवा. दुपारचं भाकरीवरनं. आन् दिस बुडून कडूस पडाय लागलं, शेळ्या बांदायला झाल्या, की तिसरं. समदा वाडा त्याच्यावर उठतोय आन् जेवतोय बगा."

"कधी चुकत नाही?"

"लगीन झाल्याधरनं न्हाई."

"ठरलं!" मास्तर म्हणाले. "रखमाबाई, बाहेर या. पाण्याला निघताना, भाकरीच्या वेळी आणि शेळ्या बांधताना, एका हातात गोळ्या, एका हातात तांब्या घ्यायचा आणि मग भांडायला जायचं. गोळ्या गिळल्याशिवाय भांडण सुरू करायचं नाही. आता मी आजारी, तुम्ही कंपौंडर. सांगा."

रखमानं सगळं बरोबर सांगितलं. शेवटी हळूच विचारलं, "पर त्या बोलंनात तर? त्यांना बोलाया बी येत न्हाई आता."

"तुम्ही बोला."

आणि ती बोलली हो! पहिल्या दिवशी तिन्ही भांडणं तिनं एकटीनं केली. म्हातारी डोळे मिटून पडलेली आणि ही तांब्या घेऊन जवळ बसून म्हणतेय, "आत्याबाई, भाकरी करपली म्हनायचं न्हाई का आज? बगा, करपलीया. बोला की." आणि बोलता बोलता रडतेय. मी पाठ फिरवून चुलीत फुंकत बसले, धूर नसतानाही डोळे पुसत.

दुसरा दिवस तसाच. ताप थोडा उतरायचा, परत चढायचा. मास्तर दर दोन तासांनी येऊन श्वास मोजायचे, वहीत आकडा लिहायचे. मी विचारलं की म्हणायचे, "गोळ्या मोज." मोजल्या की बरोबर असायच्या. त्या दोन दिवसांत मी त्यांना एकदाही बाटलीशी किंवा बुचाशी बोलताना ऐकलं नाही. तेव्हा मला कळलं की त्यांनाही भीती वाटते.

तिसऱ्या दिवशी शेळ्या बांधायची वेळ. रखमा आत गेली, गोळ्या दिल्या, पाणी पाजलं आणि नेहमीसारखी एकटीच सुरू झाली, "शेळीचं दावं मीच सोडलं म्हनता ना तुमी? हां, मीच सोडलं, मीच—"

आणि आतून घोगरा, फाटका, पण ठणठणीत आवाज आला, "तूच सोडलंस, भवाने! तुझ्या बापाच्यात कुनी शेळी बघितली हुती का?"

सगळा वाडा थांबला. कोंडिबा हातातली शेळी सोडून उभा राहिला, ती पळालीसुद्धा. रखमा धावत बाहेर आली आणि ओरडली, "बोलल्या! आत्याबाई बोलल्या! माज्या बापाला बोलल्या!" आणि मला मिठीच मारली. मास्तरांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी परत घातली. मग वहीत लिहिलं. मी वाकून बघितलं. श्वासाच्या आकड्याखाली लिहिलं होतं, 'शिवी दिली.'

त्या रात्री ताप उतरला तो परत चढला नाही. तरी पाच दिवस पुरे झाल्याशिवाय मास्तर हलले नाहीत. म्हातारी चौथ्या दिवशीच म्हणायला लागली, "आता बास की, बरी झाले न्हवं?" मास्तर म्हणाले, "मेंढीला निम्मी कातरून सोडता का?" शेवटच्या दोन गोळ्या तिनं स्वतः हात पुढं करून घेतल्या.

डॉक्टरांची पुढची फेरी आली. मार्गासनीच्या चावडीपुढं नेहमीसारखी माणसं जमलेली. बिरू आईला पाठुंगळी घेऊन आला, ती शिव्या देत उतरली. डॉक्टरांनी तिची छाती बराच वेळ ऐकली. "साफ आहे," म्हणाले, एवढंच. मग चावडीच्या दारात येऊन उभे राहिले, पुढं काय होतंय ते बघत.

मास्तर लोकांपुढं उभे राहिले. "आज आमची एक चूक सांगणार आहे," ते म्हणाले. तेवढ्यात मी उठले. कशी उठले मला माहीत नाही. म्हटलं, "मास्तर, मी सांगते. चूक मी केली."

आणि सांगितली. सगळी. मेंढरं, ओढा, नाचवलेलं बोट, 'कोणीही सांगू दे', सव्वीस गोळ्या. मध्येच मी मातीकडं बघायला लागले, तर पुढं बसलेली ठकूबाई ओरडली, "लाजती काय? सांग की! म्या काय मेले न्हाई!" लोक हसले. मी पुढं सांगितलं. भांडणांचंही सांगितलं. रखमानं तोंड लपवलं. शेवटी म्हटलं, "आजींनी माझं नीट ऐकलं म्हणून त्या मरायला टेकल्या. मी त्यांना एक गोष्ट विचारायला पाहिजे होती, की मेंढरं रोज घरी असतात का. ती विचारली नाही."

मला वाटलं, आता कोण आपल्या हातचं औषध घेणार?

मग मागून एका बाईचा बारीक आवाज आला. "बाई, म्या बी एक केलंया."

"काय हो?"

"मागल्या खेपंला तापाच्या गोळ्या दिल्या हुत्या तुमी मला. तवा म्या व्हय म्हनलं, समद्या घेतल्या. पर तसं न्हाई." तिनं पदर दातात धरला. "आमच्यात धन्याच्या आदी काय तोंडात घालत न्हाईत. मंग म्या आदी त्यास्नी एक द्यायची आन् मंग म्या एक. निम्म्याच पुरल्या."

पुढच्या ओळीतला एक दांडगा शेतकरी पटका सावरत मागं वळला. "म्हंजी त्या रोज सकाळच्या कडू गोळ्या माझ्या न्हवत्या? तू म्हनलीस ताकदीच्या हाईत!"

मग काय हसले लोक! तो स्वतःच सगळ्यात जास्त हसला. आणि हसू थांबायच्या आत दुसरा म्हातारा उठला, त्यानं स्वतःच्या डोळ्यांचं औषध म्हशीच्या डोळ्यात घातलं होतं, म्हशीचा डोळा बरा झाला, ह्याचा नाही. एकीनं मालिशचं तेल दिव्यात जाळलं होतं, वास चांगला येतो म्हणून. एकीनं सुनेच्या औषधातलं थोडं थोडं साठवून ठेवलं होतं, लेकीला झालंच काही तर असू दे म्हणून, आणि ती उठून घरी गेली आणि खरंच फडक्यात बांधलेली बाटली घेऊन आली. दोन फेऱ्यांत ज्यांनी आम्हाला नुसतं व्हय व्हय केलं होतं ती माणसं एकमेकांना ढकलत होती, "आदी म्या, आदी म्या."

मास्तर एव्हाना खाली मातीत बसले होते, बायांच्या बाजूला. वही मांडीवर. कोणाला मार्क नाहीत, कोणाला रागावणं नाही. कोणी बोललं की त्याच्याकडं तोंड करून ऐकायचे, लिहायचे, मान हलवायचे.

उन्हं कलली. डॉक्टर चावडीतून उतरून जीपपाशी गेले, परत आले, घड्याळ बघितलं. शेवटी मास्तरांच्या मागं येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, पुढच्या खेपेला पोरांना कुठं नेणार, ते जीपमध्ये बोलू. आता निघू या का?"

मास्तरांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. "जरा थांबा डॉक्टर," ते म्हणाले. "अजून दोघी हात वर करून बसल्यात."